मान का धरते?

पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या आंबोलीला येणाऱ्यांत दोन जाती असतात. एक धबधब्याखाली भिजून, भाजलेलं कणीस खाऊन संध्याकाळी घाट उतरणारी. दुसरी रात्री जेवणं झाल्यावर बॅटऱ्या घेऊन बाहेर पडणारी. या दुसऱ्या जातीला बेडूक आणि साप बघायचे असतात. २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला 'आंबोली टोड' जांभ्या दगडाच्या सड्यावर दिसतो, म्हणून ते खाली वाकून चालतात. मलबारचा उडता बेडूक आणि हिरवा चापडा साप फांदीवर असतात, म्हणून मध्येच वर बघतात. गळ्यात लांब लेन्सचा कॅमेरा लटकलेला असतो. हे सगळं चार-पाच तास चालतं, तेही पावसात आणि खांदे आक्रसून. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर कुणी मागून हाक मारली, की त्यांतला एखादा नुसती मान वळवत नाही, अख्खा वळतो. मान धरलेली असते.

त्याच रस्त्यावरून त्याच वेळी एखादी बाई डोक्यावर तरव्याच्या मुठींची पाटी घेऊन शेताकडे जात असते. उन्हाळ्यात तिथे लाकडाची मोळी असते, नाहीतर गवताचा भारा. ओझं वीस किलोच्या घरात सहज जातं. मध्ये एक चुंबळ, आणि ती बोलत बोलत चढ चढते.

डोक्यावर वीस किलो घेतलेली मान तक्रार करत नाही आणि डोक्यावर काहीच नसलेली मान जागच्या जागी आखडते, हे कसं?

मानेचं दुखणं घरोघरी आहे. जगभरच्या आकडेवारीचा मोठा अभ्यास २०२४ मध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात आला. त्यात २०२० साली मानदुखी असलेल्यांची संख्या सुमारे २० कोटी ३० लाख धरली आहे. इतक्या लोकांना होणाऱ्या त्रासाबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं, म्हणजे 'गॅप आलाय', 'गादी सरकली', 'मोबाइलमुळे झालं', त्यातलं बरंचसं अर्धवट खरं आहे. अर्धवट खऱ्या समजुतीवर केलेला उपायही अर्धवटच लागू पडतो.

सात मणके आणि पाच किलोचं डोकं

माणसाच्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्याही सातच. फक्त त्याचा एकेक मणका वीतभराहून लांब असतो. या सातांपैकी वरचे दोन बाकीच्यांसारखे नाहीत. पहिला मणका, अ‍ॅटलास, कड्यासारखा आहे आणि कवटी त्याच्यावर टेकलेली असते. दुसऱ्याला, अ‍ॅक्सिसला, वरच्या बाजूने एक खुंटी आहे. ही खुंटी पहिल्याच्या कड्यात बसते आणि तिच्याभोवती डोकं फिरतं. 'नाही नाही' म्हणताना आपण मान जितकी वळवतो, त्यातलं जवळजवळ निम्मं वळण एवढ्या एका सांध्यात होतं. या दोघांमध्ये गादी नसते.

दुसऱ्या मणक्यापासून खाली मात्र प्रत्येक दोन मणक्यांमध्ये गादी म्हणजे डिस्क असते. तिची बाहेरची बाजू चिवट तंतूंची आणि आतला भाग मऊ, पाणीदार. मागच्या बाजूला डावी-उजवीकडे बोटाच्या पेराएवढे छोटे सांधे असतात. मणक्यांच्या मधल्या नळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. प्रत्येक पातळीवर दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून एकेक नस बाहेर पडून खांद्याकडे, हाताकडे जाते. शिवाय मानेच्या मणक्यांना बाजूने भोकं असतात आणि त्यांतून दोन रोहिण्या मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवतात. पाठीच्या किंवा कमरेच्या मणक्यांना असली भोकं नाहीत. या रोहिण्या लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

या सगळ्याच्या वर साडेचार-पाच किलोचं डोकं असतं. ते पुढच्या बाजूला जड आहे. बसल्या बसल्या डुलकी लागली की डोकं पुढे कलतं ते म्हणूनच. जागेपणी ते सरळ राहतं, कारण मानेमागचे स्नायू त्याला सतत मागे ओढून धरत असतात. कवटीच्या बुडाशी असलेले छोटे स्नायू तर डोकं आत्ता कुठे आहे याची बातमी मेंदूला अखंड पोचवतात. शरीरातल्या इतर स्नायूंच्या मानाने त्यांच्यात असे 'बातमीदार' तंतू फार दाटीने असतात. मान आखडली की काहींना थोडं अधांतरी, डोकं जड झाल्यासारखं वाटतं, त्याचं एक कारण हे.

वाकल्यावर ओझं का वाढतं

पाण्याने भरलेली कळशी कमरेला टेकवून उभं राहणं सोपं आहे. तीच कळशी हात लांब करून पुढे धरा. पाणी तेवढंच, पण अर्ध्या मिनिटात खांदा भरून येतो. वजन बदललेलं नसतं, शरीरापासूनचं त्याचं अंतर वाढलेलं असतं. डोकं पुढे कललं की मानेमागच्या स्नायूंवर हीच वेळ येते.

न्यूयॉर्कमधल्या एका शल्यविशारदाने २०१४ मध्ये याचं गणित मांडलं. डोकं सरळ असताना मानेवर पडणारा भार साधारण पाच किलोचा, तर ६० अंश वाकल्यावर २७ किलोच्या आसपास, असा त्याचा हिशेब. हा आकडा जगभर फिरला, दवाखान्यांच्या भिंतींवर लागला, आणि 'मोबाइल बघणाऱ्या मुलाच्या मानेवर सात वर्षांचं दुसरं मूल बसलेलं असतं' अशा थाटात आईवडिलांना घाबरवू लागला. यात दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, तो आकडा संगणकावरच्या प्रतिमानातून काढलेला आहे, कुणाच्या मानेत मापक घालून मोजलेला नाही. दुसरी, भार वाढला म्हणजे दुखलंच पाहिजे असं नसतं. जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, पण म्हणून कुणी जिन्याला रोग म्हणत नाही.

ब्राझीलमध्ये १८ ते २१ वर्षांच्या १५० मुलामुलींवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फोन बघताना कोण किती वाकतं ते तपासलं आणि कुणाची मान दुखते ते विचारलं. दोन्हींचा संबंध दिसला नाही. जास्त वाकणाऱ्यांची मान जास्त दुखते, असं निघालं नाही.

मग दोष मोबाइलचा नाहीच? आहे, पण तो कोनात नाही, वेळेत आहे.

स्नायूला विश्रांती लागते ती मधूनमधून

स्नायू आवळला की त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि सैल पडला की रक्त पुन्हा भरून वाहतं. चालताना पोटरी हेच करते, आवळते, सुटते, म्हणून तासभर चालूनही ती थकत नाही. मानेचा स्नायू मात्र संगणकासमोर, शिलाई मशीनवर किंवा फोनवर थोडाच, पण सलग आवळलेला राहतो. जोर फार लागत नाही, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. रक्ताचा ओघ कमी, चयापचयातला कचरा साठत जातो आणि वेदना जाणणारे मज्जातंतू चेततात.

यात आणखी एक गोम आहे. स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. आधी लहान तंतू लागतात. जोर वाढवावा लागला तरच मोठे येतात, आणि काम संपलं की मोठे आधी सुटतात, लहान शेवटी. हलकं काम दिवसभर चाललं तर तेच ते लहान तंतू सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबतात. स्वीडनच्या योरान हेग यांनी १९९१ मध्ये हा मुद्दा मांडला आणि त्याला 'सिंड्रेला' असं नाव दिलं. परीकथेतली ती पोरगी सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांच्या नंतर झोपते म्हणून. कल्पना अजून गृहीतकच आहे, पण 'काहीच जड उचललं नाही तरी खांदे भरून येतात' या रोजच्या अनुभवाचा अर्थ तिने बराच लागतो.

काळजीचंही तेच. मन ताणलेलं असलं की खांदे नकळत कानांकडे सरकतात. परीक्षा, कर्जाचे हप्ते, घरातलं आजारपण, अपुरी झोप यांचा मानदुखीशी संबंध अनेक अभ्यासांत दिसतो आणि तो उशीच्या उंचीपेक्षा ठळक असतो. वेदना लांबली की मज्जासंस्था स्वतःच अधिक संवेदनशील होते. मग पूर्वी न दुखणारी हालचालही दुखू लागते. हे दुखणं खोटं नसतं, पण ते मणक्याच्या झिजेचं माप नसतं.

पाटीवाल्या बाईचं कोडं आता सुटायला लागतं. तिच्या डोक्यावरचं ओझं मणक्यांच्या रांगेवर सरळ खाली उतरतं, पुढे कलत नाही. ती चालत असते, म्हणून स्नायू आवळतात आणि सुटतात. आणि तिची मान लहानपणापासून, आधी कळशी मग भारा असं करत तयार झालेली असते. पूर्व आफ्रिकेतल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा एक अभ्यास १९८६ मध्ये 'नेचर'मध्ये आला होता. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं ओझं त्या जवळजवळ जादा ऊर्जा न खर्चता वाहतात, असं त्यात दिसलं.

पण म्हणून डोक्यावरच्या ओझ्याचं कौतुक करू नये. घानामध्ये डोक्यावरून माल वाहणाऱ्या हमालांच्या मानेचे एक्स-रे इतरांशी ताडून पाहिले, तेव्हा त्यांच्या मणक्यांची झीज कितीतरी जास्त निघाली. इकडेही आयुष्यभर मोळ्या वाहिलेल्या आजींना विचारलं तर मान, खांदे आणि गुडघे यांची यादी मिळेल. त्या दवाखान्यात जात नाहीत, एवढंच. दुखणं सोसणं आणि दुखणं नसणं या गोष्टी शहरातून बघणाऱ्याला सारख्याच दिसतात.

बेडूकवाल्या पाहुण्यांची मान वर्षभर खुर्चीवर बसून कमकुवत झालेली. तिला एका रात्रीत चार-पाच तासांचं सलग काम दिलं, वर गळ्यात दोन-तीन किलोचा कॅमेरा आणि येताना घाटात सव्वा-दीड किलोचं हेल्मेट. आंबोलीचा वारा स्नायूत शिरत नाही. पण गारठ्याने आपण खांदे वर उचलून धरतो आणि मानेला आणखी एक स्थिर काम लागतं. 'वारा लागला' म्हणणारे तेवढ्यापुरते बरोबर असतात.

तिथून घाट उतरून सावंतवाडीला गेलं की चितारआळीत लाकडी खेळणी रंगवणारे आणि राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते रंगवणारे कारागीर दिसतात. बारीक कुंचला, रुपयाएवढी आकृती आणि तासन्‌तास खाली घातलेली मान. त्यांना 'मान खाली घालू नका' सांगणं हास्यास्पद आहे. सांगायचं ते एवढंच, की काम मांडीवरून उचलून उतरत्या फळीवर ठेवा आणि प्रत्येक पत्त्यानंतर उठा.

वर बघण्याचं दुखणं वेगळं

पक्षी बघणाऱ्यांची मानही दुखते, पण तिचं कारण थोडं निराळं. उंच झाडावरचा धनेश बघायला डोकं मागे टाकलं की मणक्यांच्या मागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबतात आणि नस बाहेर पडण्याच्या खिडक्या अरुंद होतात. तरुणाला फक्त अवघडल्यासारखं वाटतं. पन्नाशीनंतर सांध्यांना हाडाची टोकं फुटलेली असली तर हाताकडे कळ जाऊ शकते. छताला रंग देणारे, पंखे बसवणारे, माडावरच्या नारळांकडे टक लावून बसणारे बागायतदार या सगळ्यांना ही कळ ओळखीची असते. अशा माणसाने झाडाखाली उभं राहून वर बघण्यापेक्षा थोडं लांब जाऊन बघावं. नाहीतर सरळ आडवं व्हावं. पावसात आडवं होण्याला आंबोलीत जळवांची हरकत असते, तो भाग वेगळा.

'गॅप' आणि एमआरआयचा कागद

मान आठ दिवस दुखली की कुणीतरी एमआरआय सुचवतं. अहवालात 'डिस्क बल्ज', 'डिजनरेशन' असे शब्द येतात आणि माणूस त्या दिवसापासून स्वतःला रुग्ण समजू लागतो. इथे जपानमधला एक अभ्यास सांगायलाच हवा. मान अजिबात दुखत नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले आणि निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. ८७.६ टक्के लोकांत गादी फुगलेली दिसली. विशीतल्या तरुणांतही दर चारांपैकी सुमारे तिघांत ती दिसली. म्हणजे फुगलेली गादी ही पांढऱ्या केसांसारखी वयाची खूण आहे. ती दिसते म्हणून दुखतं, असं थेट म्हणता येत नाही.

'गॅप' शब्दाचंही तसंच. गादीतलं पाणी वयानुसार कमी होतं, तिची उंची घटते आणि एक्स-रेत दोन मणक्यांमधली जागा कमी दिसते. आपण मात्र 'गॅप आला' ऐकून मणके सुटे झाल्याची कल्पना करतो. ते सुटे होत नाहीत. घाबरून हालचाल बंद केली की स्नायू आणखी दुबळे होतात आणि भीती खरी ठरते.

चक्कर आली की मानेला दोष देण्याची पद्धत तर आपल्याकडे फारच रुळलेली आहे. कुशीवर वळताना किंवा अंथरुणातून उठताना घर गरगर फिरत असेल, तर कारण बहुतेक वेळा कानाच्या आतल्या भागात असतं. तिथले चुन्याचे सूक्ष्म कण जागा सोडून भलतीकडे गेलेले असतात. डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते मूळ जागी आणतात आणि पुष्कळदा एक-दोन बैठकांत काम होतं. कित्येक लोक या चकरेसाठी वर्षभर मानेला पट्टा लावून बसतात, हे बघून वाईट वाटतं.

हातात मुंग्या येतात तेव्हा

गादीचा मऊ भाग फुटून बाहेर आला, किंवा खिडकी हाडाने अरुंद झाली, तर नस दाबली जाते आणि सुजते. मग दुखणं मानेपुरतं राहत नाही. खांद्यापासून दंडात, कोपरातून बोटांपर्यंत विजेसारखी कळ जाते, मुंग्या येतात, एखादं बोट बधिर होतं. कोणतं बोट, यावरून कोणती नस हे डॉक्टर ओळखतात. अंगठ्याकडे मुंग्या असतील तर सहावी, मधल्या बोटाकडे असतील तर सातवी, करंगळीकडे असतील तर आठवी.

बहुतेकांचं हे दुखणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, शस्त्रक्रियेविना बरं होतं. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. हाताची ताकद कमी होत चालली असेल तर मात्र वाट बघायची नाही.

त्याहून गंभीर म्हणजे मज्जारज्जूच दाबला जाणं. ते अनेकदा फारसं दुखतही नाही, म्हणून जास्त फसवं. सदऱ्याची बटणं लावता येईनाशी होतात, भात कालवताना बोटं अडखळतात, चालताना तोल जातो. 'वय झालं' म्हणून घरचे सोडून देतात. ते सोडून देऊ नये.

*चौकट: मलम बाजूला ठेवा, दवाखाना गाठा*

• पडल्यानंतर, अपघातानंतर किंवा झाडावरून कोसळल्यानंतर मान दुखत असेल तर मान हलवू नका, माणसाला उचलून बसवू नका, १०८ ला फोन करा.
• ताप, जोराची डोकेदुखी आणि हनुवटी छातीला टेकत नाही इतकी ताठ मान असेल तर मेंदूज्वराची शक्यता असते.
• सिंधुदुर्गात पावसाळ्यात ताप आणि मानेसकट अंगदुखी असेल तर लेप्टोस्पायरोसिस, आणि उन्हाळ्यात रानात जाणाऱ्याला तसंच झालं तर माकडताप, हे डॉक्टरांच्या मनात यायला हवं. शेतात किंवा रानात गेला होतात हे त्यांना आपणहून सांगा. अशा तापात दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका.
• चढ चढताना मान, जबडा किंवा डावा हात दुखून घाम फुटत असेल तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं.
• मान अचानक, पूर्वी कधी दुखली नाही अशी दुखून बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, दोन-दोन दिसणं हे मेंदूच्या रक्तपुरवठ्याशी संबंधित असू शकतं.
• रात्री वाढणारं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा गाठ नाही ना, हे तपासा.
• हातापायांतली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं.

धरलेली मान सोडवताना

सकाळी उठल्यावर अचानक धरलेली मान साधारण आठवडाभरात आपोआप सुटते. तोवर ती कमी दुखावी आणि ताठ होऊ नये, एवढंच आपल्या हातात असतं.

गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा घ्यावा. पिशवी टॉवेलात गुंडाळावी, मधुमेह्यांनी तर नक्कीच, कारण त्यांना चटका उशिरा कळतो. शेक घेऊन झाल्यावर मान जेवढी वळते तेवढीच, दुखायला लागेल तिथवर हळू फिरवावी आणि परत आणावी. दोन्ही बाजूंना, दर तासाला चार-सहा वेळा. गोल गोल गरगरा फिरवू नये. हलकं तेल लावून मालीश केलं तर बरं वाटतं. तो आराम थोड्या तासांचा असतो, पण त्या तासांत मान हलवता येते, म्हणून उपयोगाचा.

वेदनाशामक गोळ्या थोड्या दिवसांसाठी ठीक. पण ज्यांना पित्ताचा, मूत्रपिंडाचा, रक्तदाबाचा त्रास आहे किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पट्ट्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हाड मोडल्याचा संशय असताना किंवा शस्त्रक्रियेनंतर त्याची जागा आहे. साध्या मानदुखीत आठवडेच्या आठवडे लावलेला पट्टा स्नायूंचं काम काढून घेतो आणि त्यांना आळशी करतो. अंथरुणाला खिळून राहणंही तसंच. कामावर जा, फक्त कामाचा तुकडा लहान करा.

पुन्हा धरू नये म्हणून

फिनलंडमध्ये कार्यालयात काम करणाऱ्या, मान सतत दुखणाऱ्या १८० बायकांवर एक वर्षभर प्रयोग झाला, निष्कर्ष २००३ मध्ये आले. मान आणि खांद्यांची ताकद वाढवणारे व्यायाम ज्यांनी केले त्यांचं दुखणं, फक्त ताण देणारे हलके व्यायाम करणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त कमी झालं. डेन्मार्कमध्ये २०११ साली याहून सोपी गोष्ट दिसली. रबरी पट्टा ओढून खांद्यांचा व्यायाम दिवसाला फक्त दोन मिनिटं, दहा आठवडे केला तरी फरक पडला, आणि बारा मिनिटं करणाऱ्यांच्या तुलनेत तो फार मागे नव्हता. 'वेळ मिळत नाही' ही सबब इथे टिकत नाही.

घरी करण्यासारखे तीन प्रकार पुरेत. उताणं झोपून, डोकं न उचलता, 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी किंचित आत घ्यायची आणि दहा आकडे मोजायचे, असं दहा वेळा. यात मानेच्या पुढचे खोल स्नायू जागे होतात आणि दुखऱ्या मानेत नेमके तेच झोपलेले असतात. दुसरा, तळहात कपाळाला लावून डोक्याने तो दाबायचा, पण डोकं हलू द्यायचं नाही. मग दोन्ही बाजूंनी आणि मागून, प्रत्येकी पाच-सात सेकंद. तिसरा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही हातांनी छातीकडे ओढायची आणि पाठीचे फरे एकमेकांजवळ आणायचे. दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखलं तर चालतं. हाताकडे कळ गेली तर थांबायचं आणि फिजिओथेरपिस्टला दाखवायचं.

बाकी मांडणीच्या गोष्टी. संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला हवी. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं आणि वेगळा कळफलक, एवढ्याने काम होतं. दुहेरी भिंगाचा चष्मा वापरणारे पडदा वाचायला हनुवटी वर करून बसतात आणि मान मागे दुखते. त्यांनी पडदा खाली घ्यावा किंवा संगणकासाठी वेगळा चष्मा करावा. उशीबद्दल दुकानदार पुष्कळ सांगतात. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आणि कान यांच्यातली जागा भरेल एवढी उशी लागते, उताण्याला त्याहून पातळ, आणि पोटावर झोपणाऱ्याला सवय बदलणंच बरं, कारण रात्रभर मान एका बाजूला पिळलेली राहते. रात्रीच्या गाडीने सावंतवाडीला येणाऱ्यांनी खिडकीला डोकं टेकवून झोपण्यापेक्षा शालीची गुंडाळी मानेभोवती घ्यावी. कॅमेरा गळ्यात न अडकवता पट्टा तिरका, खांद्यावरून घ्यावा.

आणि कोणतीही मांडणी कितीही चांगली असली तरी अर्ध्या तासाने मोडायची. पाणी प्यायला उठा, फोन चालता चालता घ्या. उत्तम बैठक असं काही नसतं, बदलत राहणारी बैठक असते.

तो 'कडकन' आवाज

मान धरली की मोडून घ्यायचा मोह होतो. सलूनमध्ये केस कापून झाले, डोक्याला तेल चोळून झालं की हनुवटी आणि डोकं धरून एक झटका, कडकन आवाज, मग दुसऱ्या बाजूने. हलकं वाटतं हे खरं. पण त्या आवाजाने कोणतंही हाड जागेवर बसत नाही. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा तो आवाज आहे. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटं मोडताना एमआरआयवर ती पोकळी तयार होताना पाहिली.

मघाच्या त्या दोन रोहिण्या इथे येतात. त्या मणक्यांच्या भोकांतून जातात आणि सर्वांत वर, जिथे मान सर्वांत जास्त वळते, तिथेच वळसा घेऊन कवटीत शिरतात. अचानक झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. हे क्वचित घडतं, पण चाळिशीच्या आतल्या धडधाकट माणसालाही घडतं. पार्लरमध्ये बेसिनवर मान मागे टाकून केस धुतल्यावर मेंदूचा रक्तपुरवठा बिघडलेल्या पाच रुग्णांचं वर्णन अमेरिकेत १९९३ मध्येच नोंदलं गेलं आहे, आणि सलूनमधल्या झटक्यानंतर पक्षाघात झाल्याच्या घटना आपल्या देशातही डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत.

म्हणून पुढच्या वेळी खुर्चीत बसल्यावर आधीच सांगा, 'डोकं चोळा, मान मोडू नका.' यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. आणि घरात कुणी कुणाची मान अशी मोडून देत असेल, विशेषतः मुलांची, तर आजपासून ते बंद करा.